इरकलीचा काठ, वहिनींची उंची आणि फोनवरचे सात नियम

लग्नसराई लागली की पत्रिकांच्या आधी तो मेसेज येतो. यंदा माझ्याकडे चार ग्रुपांतून आला, त्यातल्या दोन ठिकाणी ‘ताई, तुम्ही ब्लाऊज शिवता, हे बरोबर आहे का?’ अशी शेपटी लावून. मथळा ‘तुमच्या बांध्याला शोभेल अशी साडी : सात नियम’. खाली सफरचंद, नासपती, केळं आणि वाळूचं घड्याळ. मजकूर थोडक्यात असा: आधी आपण कोणतं फळ आहोत ते ओळखा. अंगाने जाड असाल तर आडवे पट्टे टाळा, काळं नेसा, कॉटन सोडून शिफॉन-जॉर्जेट घ्या, ब्लाऊज अंगासरशी घट्ट शिवा. उंची कमी असेल तर रुंद काठाला हात लावू नका. आणि नऊवारी सडपातळ मुलींवर सोपवा.

एरवी मी वाचून सोडलं असतं. पण मुलीच्या लग्नाला तीन आठवडे उरलेले असताना एक वहिनी दुकानात आल्या आणि पिशवीतून आईने दिलेली इरकल काढली. काळपट हिरवं अंग, कुंकवी परास काठ, इरकलीचा खास लाल-पांढरा टोप पदर. म्हणाल्या, “ही जाऊबाईंना देऊन टाकते. काठ रुंद आहे, मी बुटकी, त्यात ही अशी. तुम्ही मला जॉर्जेटवर शिवून द्या काहीतरी.” फोन पुढे केला. तोच मेसेज.

म्हणून हे लिहितेय. सांगलीत एकवीस वर्षं ब्लाऊज शिवते, त्या हिशेबाने.

फळांपासून सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे नियम त्यावर उभे आहेत. माझ्या वहीत एका ब्लाऊजची अकरा मापं असतात: उंची, वरची छाती, छाती, कंबर, खांदा, मुंढा (काखेशी बाही जोडतो तो घेर), पुढचा गळा, मागचा गळा, बाहीची लांबी, दंडघेर आणि टकाची उंची (टक म्हणजे छातीला आकार द्यायला घातलेली चिमटी). छाती ३८ असलेल्या दोन बायका एकाच दिवशी येतात. एकीची पाठ रुंद, दुसरीची छाती भरलेली. टेप दोघींना ३८ च सांगते, पण एकीचा ब्लाऊज दुसरीला घातला तर हूक लागतील आणि पाठीवर पिशवी लोंबेल. एकीचा डावा खांदा उतरलेला असतो, एकीला मशीनवर बसून पोक आलेलं असतं (हे मी माझंच सांगतेय). फळाचं चित्र समोरून काढलेलं आहे. त्याला पाठ नाही, खांद्याचा उतार नाही, दंड नाही.

आणि ज्या वाळूच्या घड्याळाला (वर-खाली भरलेलं, कमरेत बारीक) आदर्श धरून बाकीच्या फळांना दुरुस्त करायचं, ते घड्याळ आहे तरी किती जणींकडे? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीने २००५ मध्ये सहा हजारांवर स्त्रियांच्या शरीराचे स्कॅन तपासले. तसा बांधा सुमारे ८ टक्के जणींचा निघाला. साधारण ४६ टक्के सरळसोट होत्या. ही गणती अमेरिकेची, हे खरं. आपल्याकडे ‘निफ्ट’ या सरकारी फॅशन संस्थेने सहा शहरांत २५,००० माणसांची थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायचा इंडियासाइज हा प्रकल्प हाती घेतला, तो याचसाठी की दुकानातले एम, एल, एक्सएल आजवर बाहेरच्या तक्त्यांवर बेतलेले आहेत. तेव्हा तयार कुर्ता खांद्यात बसला आणि कमरेत अडकला, तर चूक आधी तक्त्यात शोधा. आमच्या मंडईत नासपती दिसते ती पावसाळ्यात चार दिवस, पण बायका बारा महिने स्वतःला नासपती म्हणायला लागल्यात.

आता आडवे पट्टे. हा नियम इतका जुना की कोणी तपासायच्या भानगडीत पडत नाही. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ मध्येच उलटं लिहून ठेवलंय. आडव्या रेघांनी भरलेला चौकोन तेवढ्याच उभ्या रेघांच्या चौकोनापेक्षा उंच आणि अरुंद भासतो, आणि आडव्या पट्ट्यांच्या झग्यात बाई उंच दिसते. २०११ मध्ये यॉर्क विद्यापीठातल्या पीटर थॉम्पसन आणि किरियाकी मिकेलिडू यांनी हे मोजून पाहिलं. उभ्या रेघांच्या चौकोनाइतका रुंद दिसायला आडव्या रेघांचा आकार ४.५ टक्के जास्त रुंद करावा लागला. बाईच्या रेखाचित्रावर पट्टे काढले तरी तेच.

इथे थांबले असते तर माझीही गत त्या मेसेजसारखीच झाली असती. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी वेगवेगळ्या बांध्यांच्या आकृत्यांवर हेच करून पाहिलं, तेव्हा आडव्या पट्ट्यांचा हा फायदा बारीक आकृतीला मिळाला आणि जाड आकृतीला तसा मिळाला नाही. म्हणजे जाड बाईला आडवे पट्टे बारीक करतात असं मी म्हणणार नाही. पण ‘टाळाच’ असा हुकूम सोडण्याइतकं त्यात काही नाही.

शिवाय हा सगळा हिशेब झग्याचा. साडीत पट्टा जागेवर राहतो कुठे? साडीच्या लांबीने जाणारा पट्टा नेसल्यावर कमरेभोवती आडवा येतो, निऱ्यांत मोडतो, छातीवरून तिरका चढतो आणि पाठीवर सोडलेल्या पदरात सरळ उभा होतो. एका साडीत एकच पट्टा आडवा, तिरका, उभा. मेसेज लिहिणाऱ्याने साडी नेसून आरशात पाहिली नसावी, किंवा ती बाई नसावी.

काळ्याबद्दल भांडणार नाही. उजळ वस्तू तेवढ्याच गडद वस्तूपेक्षा मोठी भासते, हे जुनंच निरीक्षण आहे. शुक्र नुसत्या डोळ्यांना उगाच मोठा भासतो आणि दुर्बिणीतून तसा भासत नाही, हे गॅलिलिओनेही टिपलं होतं. काळ्यात घड्यांची सावली दिसत नाही, हा दुसरा फायदा. पण लग्नात काळं? चंद्रकळा संक्रांतीला शोभते. मुलीच्या लग्नात नेसून दाखवा आणि मग सासरच्या मावशींना तोंड द्या. गडद जांभळा, बॉटल ग्रीन, कुंकवी यांनी बरंचसं तेच काम होतं. आणि एक खोड मोडा. भडक पिवळ्या साडीवर ‘बारीक दिसायला’ काळा ब्लाऊज घालायची. अंगाचे दोन तुकडे होतात आणि बघणाऱ्याची नजर नेमकी त्या जोडावर, म्हणजे पोटावर, येऊन बसते.

कॉटनचा नियम अर्धा नव्हे, पाव खरा. खळ दिलेली नवी साडी पहिल्या दिवशी फुगते, हे कबूल. दोन-चार धुण्यांनंतर ती अंगाशी बसते आणि तरी अंगाला चिकटत नाही. शिफॉन आणि जॉर्जेट चिकटतात. परकराची नाडी, नाडीची गाठ, पोटावरची वळी, सगळं त्यातून उमटतं. मे महिन्यात घामाने तर विचारू नका. आता खरी मेख सांगते. कंबर जाड दिसली की बाई साडीला दोष देते आणि आत बघत नाही. आत असतो बाजारातला चुण्यांचा परकर, कमरेशी पसाभर कापड गोळा केलेला. त्यावर साडीचा पहिला फेरा, त्यावर निऱ्या, त्यावर दुसरा फेरा. परकर कळ्यांचा, कमरेला सपाट आणि खाली घेर असलेला शिवून घ्या, नाडीची गाठ पुढून काढून बाजूला घ्या, आणि मग कॉटन की जॉर्जेट ते ठरवा. शंभर-दीडशे रुपयांच्या परकरापायी दहा हजारांची साडी बदनाम होते, हे मी दर हंगामात बघते.

पाचवा नियम वाचून मला खरोखर राग आला. ‘ब्लाऊज अंगासरशी घट्ट शिवा, बांधा उठून दिसेल.’ उठून दिसेल ते काय? बाहीच्या कडेला दंडाची वळी, पाठीवर दोन भाग, हुकांच्या मधून फाकलेलं कापड. घट्ट कापड अंगाला लहान करत नाही, सरकवतं. जिथे जागा मिळेल तिथे अंग वर येतं. त्यात बहुतेक जणी दंड भरलेला असला की सांगतात, “मुंढा जरा खाली घ्या, मोकळा होईल.” आमच्यातले काहीजण घेतातही. मुंढा खोल गेला की हात वर करताच अख्खा ब्लाऊज वर ओढला जातो, पोट उघडं पडतं आणि बाई दिवसभर ब्लाऊज खाली खेचत फिरते. मोकळेपणा हवा असेल तर मुंढा काखेशी वर ठेवायचा आणि बाहीला रुंदी द्यायची. टक पुढे-मागे झाला की छाती असेल त्यापेक्षा वाकडी दिसते. भरलेल्या छातीला दोन टकांत गुंडाळू नका, कटोरी किंवा प्रिन्सेस कट घ्या. बाहीची कड दंडाच्या सगळ्यात रुंद जागी संपवू नका. दोन बोटं वर किंवा कोपरापर्यंत, दोन्ही चालतं. ‘चाळिशीनंतर बिनबाहीचा नको’ हे मला मापाच्या वहीत कुठेही सापडलेलं नाही.

आणि शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडायला सांगा. दोन्ही बाजूंना एकेक इंच. बाईचं अंग वर्षात दोनदा बदलतं. ब्लाऊज उसवून मोठा करता आला पाहिजे. माया न सोडणाऱ्या शिंप्याकडे मी माझं कापड देणार नाही.

काठाचं मुद्दाम मागे ठेवलं, कारण वहिनींचं दुखणं तेच होतं. मेसेज म्हणतो, रुंद काठाने बुटकी बाई आणखी बुटकी दिसते. काठ कुठे जातो ते बघा. पायाशी एक फेरा फिरतो, निऱ्यांवर येतो, मग तोच मांडीवरून तिरका वर चढत डाव्या खांद्यावर जातो आणि पाठीवर उभा उतरतो. पायापासून खांद्यापर्यंत चढणारी एवढी लांब रेघ दुसऱ्या कुठल्या कपड्यात आहे? बुटक्या बाईला नडतो तो पन्हा, म्हणजे साडीची रुंदी. साडीचा पन्हा ४४ पासून ४८ इंचांपर्यंत भेटतो. चार फूट दहा इंचाच्या बाईची कंबर जमिनीपासून साधारण ३६ इंचांवर. ४८ च्या पन्ह्यातले बारा इंच ती कमरेत दुमडून खोचते. म्हणजे वरचा काठ आख्खाच्या आख्खा आत जातो आणि कमरेभोवती जाड वेटोळं बसतं. दुकानात काठावर बोटं ठेवून मोजण्यापेक्षा साडी उलगडून पन्हा मोजायला सांगा. विकणारा चमकेल, पण मोजेल.

नऊवारीचं फार बोलत नाही. ससून डॉकवर मासळीच्या पाट्या उचलणाऱ्या कोळणी आणि उसाच्या फडात राबणाऱ्या बायका काही फळं बघून काष्टा घालत नव्हत्या. सव्वाआठ मीटर कापड कमरेला गाठ मारून आपल्या अंगाप्रमाणे घट्ट-सैल करायचं, यात माप चुकायला वावच नाही. माप चुकतं ते शिवलेल्या नऊवारीत. तिथे मागे काष्ट्याचा काठ पाठीच्या मधोमध सरळ यायला हवा, तो एका बाजूला सरकला की बाई वाकडी दिसते. शिवलेली घेणार असाल तर घालून, खाली बसून, उठून बघा.

वहिनींची इरकल मी उलगडून टेबलावर टेप लावली. पन्हा ४५ भरला. काठ चार बोटं. त्यांचा जुना ब्लाऊज बघितला तर मुंढा हवा त्यापेक्षा जवळजवळ दीड इंच खोल, बाही दंडाच्या नेमक्या मध्यावर संपलेली, आणि परकर चुण्यांचा. मी म्हटलं, “वहिनी, साडी जाऊबाईंना द्यायची ती लग्न झाल्यावर द्या.” कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण होता त्यांच्याकडे, पन्हा लहान, मोठ्या मुश्किलीने त्यात कोपरापर्यंतची बाही बसवली, खणाचा काठ बाहीच्या कडेला घेतला. परकर सहा कळ्यांचा.

ट्रायलला आल्या तेव्हा मी निऱ्या लावून दिल्या. आरशासमोर त्यांनी आधी सवयीने पोट आत ओढलं. मग हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. ब्लाऊज हलला नाही. वळून पाठ बघितली आणि म्हणाल्या, “ताई, पदर एवढाच ठेवू, का आणखी वीतभर लांब सोडू? टोप पदर आहे, दिसायला नको का?”