बेअरिंगच्या पेढीचा हीरकमहोत्सवी इतिहास कसा लिहावा

आपल्या घराण्याची बेअरिंग, व्ही-बेल्ट आणि ऑइल सील अशा यंत्रांच्या सुट्या भागांची पेढी यंदा साठीला आली असेल, आणि छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवरच्या एखाद्या लॉनमध्ये कंपन्यांचे अधिकारी, ग्राहक व सोयरेधायरे यांच्यासाठी स्नेहभोजन ठरले असेल, तर त्या प्रसंगी वाटावयाच्या स्मरणिकेत पेढीचा इतिहास असणे अगत्याचे आहे. हा इतिहास खतावणी उघडून लिहिण्याचा मोह मात्र आपण पहिल्यापासूनच आवरावा.

सुरुवात आजोबांपासून करावी. स्थापनेचे साल घरात कोणालाच नक्की ठाऊक नसते, हे आपले भाग्य समजावे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1 ऑगस्ट 1962 रोजी स्थापन झाले. तेव्हा दुकान त्याच्या आधीचे ठरवल्यास आजोबा ‘उद्योगाची चाहूल लागलेले द्रष्टे’ होतात आणि नंतरचे ठरवल्यास ‘काळाची पावले ओळखणारे’. आजोबा मोंढ्यात सरकीची अडत करीत होते, अडत बुडाली, आणि ओळखीच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांना मुंबईहून पट्टे नि बेअरिंग आणून देण्यावाचून गत्यंतर उरले नाही, असे आजी सांगत असे. परंतु द्रष्टेपणा हा नेहमी मागाहूनच लिहावयाचा असतो. मुंबईहून येणारी रुंद रुळांची ब्रॉडगेज मनमाडहून भलतीकडे वळत असे आणि आपल्याकडे अरुंद रुळांची मीटरगेज धावत असे, त्यामुळे रेल्वेने आलेला माल मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे, आणि ऐन हंगामात बंद पडलेल्या जिनिंगचा मालक त्या एका खोक्यासाठी स्टेशनावर येरझाऱ्या घालीत असे. ही हकीकत खरोखरच रंजक आहे, म्हणून तिला दोन ओळींहून अधिक जागा देऊ नये. त्या पानावर मंत्रिमहोदयांचा शुभसंदेश यावयाचा आहे.

पुढचे प्रकरण वडिलांचे. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना अवघ्या 16 महिन्यांत उभा राहिला आणि 1985च्या नोव्हेंबरात सुरू झाला. त्याच्यामागून सुटे भाग बनविणारे कितीतरी लहानमोठे कारखाने आले, आणि प्रत्येकाच्या लेथला, पंपाला, कन्व्हेयरला बेअरिंग लागू लागले. या सगळ्याचे श्रेय वडिलांच्या दूरदृष्टीला द्यावे. त्याच सुमारास वडील दुकान मोडून लातूरला डाळ मिल टाकण्याच्या विचारात होते, हे काकांना चांगले आठवते. पण काकांना कोण विचारतो?

काका वेगळे झाले, असे सरळ वाक्य लिहू नये. ‘वाढता व्याप लक्षात घेऊन दोन स्वतंत्र दालने करण्यात आली’ असे लिहावे. त्याच रस्त्यावर, त्याच आजोबांच्या तसबिरीखाली, नावाआधी ‘न्यू’ लावलेले ते दुसरे दालन. आता एकाच कारखान्याला एकाच 6205 क्रमांकाच्या बेअरिंगसाठी दोन चुलतभावांची कोटेशने जातात, दोघेही एकमेकांच्या खाली उतरतात, आणि खरेदी विभागातला तरुण मनातल्या मनात या दोघांच्या आजोबांना दुवा देतो.

ज्यांचे दागिने गहाण ठेवून पहिला माल आला, त्या आजींचा उल्लेख ‘आशीर्वाद’ या सदराखाली करावा. आत्या आणि बहिणी यांचा करू नये, पाटीवरच्या ‘अँड सन्स’शी तो विसंगत दिसेल. 9 सप्टेंबर 2005 पासून अविभक्त कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क आहे, हे खरे. पण हक्कसोडपत्र म्हणून एक कागदही आहे, आणि तो भाऊबीजेच्या आसपास पुढे केल्यास सही करताना कोणी फार प्रश्न विचारीत नाही.

काउंटरवरच्या जुन्या नोकराला, म्हणजे सगळ्यांच्या मामांना, ग्रुप फोटोत कडेला उभे करावे. गिऱ्हाईक रुमालात गुंडाळून, काळे पडलेले, क्रमांक पुसून गेलेले बेअरिंग आणते आणि मामा ते तळहातावर फिरवून ‘6205’ म्हणतात. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की आतला व्यास 25 मिलिमीटर, बाहेरचा 52, जाडी 15, हे त्यांना कोणी कॅटलॉग उघडून शिकविलेले नाही. त्यांना शाल आणि श्रीफळ द्यावे. भागीदारी देण्याची प्रथा नाही.

आता उधारी. पेढीचा सारा इतिहास खरे तर इथेच आहे, आणि म्हणूनच स्मरणिकेत तो ‘ग्राहकांशी जिव्हाळ्याचे संबंध’ एवढ्यावर आटोपावा. साखर कारखाना पावसाळ्यात दुरुस्तीला निघतो, तेव्हा बेअरिंग, चेन आणि पट्टे आपल्याकडून जातात. गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होते. पैसे गाळपानंतर मिळावयाचे असतात, आणि दुष्काळाने उसच उरला नाही तर त्याच्या पुढच्या गाळपानंतर. दरम्यान 1 जुलै 2017 पासून लागू झालेला वस्तू व सेवा कर हा बिलावर असतो, वसुलीवर नसतो, त्यामुळे हातात न आलेल्या पैशांवरचा कर आपण पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला इमानेइतबारे भरतो. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांच्या आत देण्याचे बंधन 2006च्या कायद्यात आहे, हे ऐकून हुरळून जाऊ नये. व्यापाऱ्यांना 2021च्या जुलैत त्या पंगतीत बसविले, ते केवळ बँकेच्या प्राधान्य कर्जापुरते. म्हणजे पैसे अडकले असता कर्ज काढण्याची सोय आहे, ते सोडवून घेण्याची नाही. उलट पुली किंवा कपलिंग बनविणाऱ्या नोंदणीकृत लघु उत्पादकाचे पैसे आपण मुदतीनंतर वर्षअखेरपर्यंत थकविले, तर 2023-24 या आर्थिक वर्षापासून तो खर्च आयकरासाठी त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा होत नाही. अडकित्त्यातल्या सुपारीची ही अवस्था ‘वितरण साखळीतील महत्त्वाचा दुवा’ अशा शब्दांत मांडावी.

स्मरणिका चाररंगी छापून घ्यावी. छापखानेवाला बिल घेऊन आला की त्याला चहा पाजावा, आमचा वसुलीचा माणूस साखर कारखान्यावर गेला आहे असे सांगावे आणि पुढल्या सोमवारी बोलवावे. मात्र काम देण्यापूर्वीच त्याच्या छापखान्याची लघुउद्योग म्हणून नोंदणी झालेली नाही ना, एवढे हळूच विचारून ठेवावे.