लोट्याचं तोंड आणि सात मार्क

आमच्या नववीच्या पालकांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. ज्यांना मिळाला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात देतो: "पालकहो, जागे व्हा! नववी-दहावीच्या मोक्याच्या काळात मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या नादी लावू नका. ७ मार्कांसाठी २ वर्षं वाया जातात. चित्रकला ही देवाची देणगी, शिकवून येत नाही. सायन्सवाल्याला तिचा काडीचा उपयोग नाही. त्या लाइनमध्ये ₹ नाही. आणि आता तर एआय दोन सेकंदांत चित्र काढून देतं!" खाली जोडलेले हात, आणि प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवण्याची विनंती.

माझं नागपूरच्या महालात पाट्या, बॅनर आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे, चितारओळीपासून, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीपासून, पायी पाच मिनिटांवर. बाबा ब्रशने पाट्या रंगवायचे, मी कॉम्प्युटरवर करतो. मुलगी यंदा इंटरमिजिएटला बसते आहे. म्हणजे या वादात मी तटस्थ वगैरे नाही, हे आधीच कबूल करतो.

पहिलं, सात मार्कांचं. इंटरमिजिएटला ए श्रेणी आली तर दहावीत ७ वाढीव गुण, बीला ५, सीला ३. पाचशेत सात म्हणजे १.४ टक्के. अकरावीच्या प्रवेशयादीत तेवढ्यात किती नावं मागे पडतात, हे ज्याची यादी थोडक्यात हुकली त्याला विचारा. आणि 'दोन वर्षं' कुठून आली? कला संचालनालयाच्या या दोन परीक्षा प्रत्येकी दोन दिवसांच्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र म्हणजे डिझाइन, आणि भूमिती-अक्षरलेखन असे चार पेपर. त्यासाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी बसलं तरी पुष्कळ झालं. पोरं तेवढा वेळ रोज रील्स पाहण्यात घालवतात, त्यावर कोणी 'पालकहो, जागे व्हा' लिहीत नाही. पण एक खरं आहे, हा मार्कांचा हिशोब पालकांच्या डोक्यात आपल्याच चित्रकलावाल्यांनी भरवला. शाळेच्या फलकावर, क्लासच्या पत्रकावर 'वाढीव गुण मिळवा' हेच मोठ्या अक्षरात. जो माल मार्क म्हणून विकला, त्याची किंमत गिऱ्हाईक मार्कांतच करणार.

आता 'देवाची देणगी'. इथे मी जरा थांबणार आहे, कारण मेसेजमधलं हे वाक्य सगळ्यांना पटतं आणि तेच सगळ्यात चुकीचं आहे.

वस्तुचित्राच्या पेपरला समोर मांडणी असते. समजा स्टुलावर एक तांब्याचा लोटा, शेजारी दोन संत्री, मागे घडी पडलेला कपडा. पहिल्यांदा बसलेल्या कुठल्याही पोराचा कागद बघा. लोट्याचं तोंड त्याने पूर्ण गोल काढलेलं असतं, आणि बूड पट्टीने मारल्यासारखं सरळ. का? कारण तोंड गोल आहे हे त्याला माहीत आहे. लोटा सपाट जागेवर ठेवलाय हेही माहीत आहे. त्याने लोटा पाहिलेलाच नसतो, आठवलेला असतो. आमच्या चित्रकलेच्या सरांनी आम्हाला एक अख्खा तास फक्त तोंड काढायला लावलं होतं. लोटा आधी जमिनीवर, मग स्टुलावर, मग स्टुलावर विटा रचून डोळ्यांच्या उंचीला. जमिनीवर होता तेव्हा तोंड चांगलं रुंद लंबगोल. स्टुलावर चपटं झालं. विटांवर चढवला तर निव्वळ रेघ. मग सरांनी लोटा परत स्टुलावर आणला आणि म्हणाले, "आता बुडाकडं पाहा. ते तुमच्या डोळ्यांपासून तोंडापेक्षा खाली आहे ना? मग त्याचा बाक जास्त असंल की कमी?" चाळीस पोरं, वर्गात आवाज नाही. जास्त. नंतर कोणीही बूड सरळ काढलं नाही. त्यात देवाचा हात कुठे होता? एक लोटा होता, चार विटा होत्या आणि पिरियड खाऊन न टाकणारा मास्तर होता.

काहींचा हात लवकर वळतो, हे मान्य. काहींना पाढेही लवकर पाठ होतात. म्हणून 'गणित देवाची देणगी आहे, पाढे घोकू नका' असा मेसेज कोणी पाठवत नाही. चितारओळीत गणपतीच्या आधीचे दोन महिने जाऊन उभं राहा. नवं पोरगं पहिल्या वर्षी माती मळतं, मग साच्यातून निघालेल्या हातापायांचे सांधे बुजवतं, मग सपाट रंग. डोळ्यांच्या आखणीपर्यंत पोहोचायला कितीतरी मोसम जातात, आणि त्या आखणीला घरातला जुना हातच बसतो. तिथे कोणी 'तुझ्यात टॅलेंट आहे का' असं विचारत नाही. उद्या सकाळी येशील का, एवढंच विचारतात.

सायन्सवाल्याला उपयोग नाही, हे तर सहज खोडता येतं. दहावीच्या विज्ञानात 'सुबक व नामनिर्देशित आकृती काढा' हा प्रश्न कोणासाठी असतो? इंटरमिजिएटच्या घनभूमितीत शंकू नाही तर लोलक (प्रिझम) घेऊन त्याचं वरून दिसणारं आणि समोरून दिसणारं रूप काढायचं असतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंगमध्ये विषय राहतो तो याच ठिकाणी. इथल्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंगच्या राष्ट्रीय संस्थेत आर्किटेक्चरला जायचं तर जेईईचा वेगळा पेपर द्यावा लागतो, आणि त्यात ४०० पैकी १०० गुण कागदावर हाताने काढलेल्या चित्राला आहेत. राजस्थानात कोट्याच्या क्लासला लाखो रुपये भरून गेलेल्या पोराला तिथे कोणी वाचवू शकत नाही. सांतियागो रामोन इ काहाल हा स्पॅनिश शास्त्रज्ञ लहानपणी चित्रकार व्हायचं म्हणून हटून बसला होता, डॉक्टर बापाला ते अजिबात मंजूर नव्हतं. पुढे त्याने सूक्ष्मदर्शकातून पाहून मेंदूतल्या पेशी हाताने रेखाटल्या आणि १९०६ साली नोबेल मिळवलं. ती चित्रं आजही पुस्तकांत छापतात. बाप शेवटी गप्प बसला असावा.

'त्या लाइनमध्ये ₹ नाही.' मेसेज लिहिणाऱ्याने हे चिन्ह टाइप केलं तेव्हा ते कोणी काढलं हे त्याच्या ध्यानात आलं नसावं. डी. उदय कुमार तेव्हा आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे डिझाइनच्या विभागात, डॉक्टरेट करत होते. देवनागरी र, त्याची शिरोरेषा, आणि दांडा काढून घेतलेला रोमन आर यांतून ते उभं राहिलं आणि १५ जुलै २०१० ला सरकारने स्वीकारलं. त्या लाइनमध्ये ₹ नसता तर तुमच्या कीबोर्डवर कुठून आला असता? कॉम्प्युटरवर मराठी म्हटलं की वर्षानुवर्षं समोर यायचा तो 'मंगल' फॉन्ट र. कृ. जोशींनी आखलेला, आणि जोशी मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेले.

पण गंमत पुरे. पैशाचा प्रश्न गंभीर आहे आणि त्यावर मी खोटं बोलणार नाही. फ्लेक्स आलं तेव्हा आमच्या गल्लीतले पेंटर दोन-तीन वर्षांत घरी बसले. बाबांचा ब्रश सुटला तो सुटलाच. चित्र काढता येणाऱ्या प्रत्येकाचं पोट चित्रावर भरतं असं कोणी सांगत असेल तर तोही एक फॉरवर्डच समजा. प्रश्न एवढाच, की चौदाव्या वर्षी हे दार लावून घेतलं तर नेमकं काय काय बंद होतं. नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात किंवा जे.जे.त पदवीला जायचं तर सीईटी द्यावी लागते, आणि त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असेच पेपर असतात. हो, इंटरमिजिएटचेच. आयआयटीच्या डिझाइन पदवीची प्रवेशपरीक्षा, यूसीड, सायन्स, कॉमर्स, आर्ट्स कोणालाही देता येते, आणि तिच्यातही हाताने काढायचा भाग आहे. आयटीआयचा ड्राफ्ट्समन आहे. मॉड्युलर किचनचा आराखडा गिऱ्हाइकासमोर कागदावर चटकन काढून दाखवणारा पोरगा आहे, सौदा तिथेच पक्का करतो. ब्लाउजचं कटिंग करणारी ताई आहे. आपल्या विदर्भातली करवतकाठी घ्या. काठावरचे ते करवतीचे दाते म्हणजे ताणाबाण्यात बसवलेली भूमिती. संकल्पचित्राच्या पेपरला पोरं चौकटीत त्रिकोण पुन्हा पुन्हा बसवतात तेव्हा तेच करत असतात, फक्त हातात विणकराचा धोटा नसतो.

एआयचं उत्तर मला दुकानातच मिळालं. गेल्या गणपतीआधी एका मंडळाचा कार्यकर्ता मोबाइलवर चित्र घेऊन आला, दहा बाय पंधराचं बॅनर करायचं. "दोन मिनिटांत बनवलं भाऊ, डिझाइनचे पैसे नका लावू." चित्र भपकेदार, सोन्याचा नुसता पाऊस. माझ्याकडे कॉम्प्युटरवर एक मुलगी बसते, शाळेत असताना इंटरमिजिएट झालेली, बी श्रेणी. तिने स्क्रीनवर उघडलं आणि म्हणाली, "काका, उजेड दोन्हीकडून येऊन राहिला. सोंडेची सावली इकडं, मुकुटाची तिकडं." मग बोटं मोजली, एका हाताला सहा. आणि 'मंगलमूर्ती'मधलं मू हे अक्षर मराठीत, हिंदीत, कशातच नव्हतं. कार्यकर्ता बिचारा दोन दिवस तेच चित्र ग्रुपवर फिरवत होता, शंभर लोकांनी हात जोडले होते. उद्या हे यंत्र बोटं बरोबर काढेल, अक्षरंही सुधारेल. तरी दहा चित्रांतलं कोणतं ठेवायचं, आणि गिऱ्हाइकाला 'हे का नको' हे कोणत्या शब्दांत सांगायचं, हे कुणाला तरी दिसावं लागणारच. त्या मुलीला मी पगार देतो तो यासाठी. माउस तर मीही हलवतो.

आता मेसेजमधून सुटलेली गोष्ट. त्यात लिहिलेलं नाही, पण लिहायला हवं होतं, की आज बऱ्याच ठिकाणी चित्रकला शिकवलीच जात नाही.

माझी मुलगी आधी एका क्लासला जात होती. तीन महिन्यांनी वही पाहिली. स्मरणचित्राची अकरा चित्रं, आणि अकराही एकच. डावीकडे झाड, उजवीकडे झोपडी, मध्ये तीन पाठमोरी माणसं. विषय 'बाजार' असेल तर झोपडीची गाडी करायची, 'बसस्टॉप' असेल तर शेड. पाठमोरी का, तर चेहरे काढायला वेळ जातो! क्लासवाल्यांना विचारलं तर म्हणाले, "रिझल्ट येते ना जी, मग काय?" स्मरणचित्र म्हणजे पाहिलेलं आठवून काढणं. इथे पोरांना न पाहिलेलं पाठ करायला लावलं होतं. फी भरलेली होती, ती सोडली.

मग रविवारी सकाळी मी तिला कॉटन मार्केटला नेलं. वही नाही, पेन्सिल नाही, मोबाइल माझ्या खिशात. पंधरा मिनिटं एका ठेल्यासमोर उभं राहायचं आणि घरी येऊन काढायचं. पहिल्यांदा चित्र फार वाईट आलं. पण त्यात तराजू धरणाऱ्याचा एक खांदा खाली झुकलेला होता. हातगाडीच्या दांड्याला सुतळीने लटकवलेला क्यूआर कोडचा बोर्ड होता, थोडा तिरपा. पोत्यावर बसलेली बाई भाजीकडे बघत नव्हती, गिऱ्हाइकाच्या पिशवीकडे बघत होती. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाही दिसलं नव्हतं, आणि मी तिच्या शेजारीच उभा होतो.

शाळांचं तर काय सांगावं. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला. कलाशिक्षक असलेच तर स्नेहसंमेलनाची सजावट, फलकलेखन आणि पाहुण्यांच्या स्वागताची रांगोळी यांत अडकलेले. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी, पट शंभराच्या वर असेल तर, कलेला निदेशक, म्हणजे शिकवणारा, द्यायचा आहे, तोही अंशकालीन. म्हणजे कायद्यानेच या विषयाला अर्धी खुर्ची दिली. पालकांना जागं व्हायचंच असेल तर पुढच्या पालकसभेत उभं राहून विचारा, चित्रकलेचा तास वेळापत्रकात आहे तसा होतो का?

हे सगळं एवढं लांब मी ग्रुपवर लिहिलं नाही. लोट्याचं तेवढं लिहिलं, आणि मुलीने काढलेल्या बाजाराचा फोटो टाकला. चार अंगठे आले. ज्यांनी तो मेसेज टाकला होता ते काही बोलले नाहीत. रात्री साडेदहाला मात्र एका ताईंचा वेगळा मेसेज आला, "दादा, पोस्टर कलरमध्ये संत्र्याला आधी पिवळा लावायचा की नारिंगी? पोरगा अडून बसला आहे."

मी लिहिलं, आधी मधला नारिंगी पूर्ण फळावर. मग सावलीकडे त्यात थोडा लाल आणि किंचित निळा, काळा अजिबात नको. पांढरी चमक अगदी शेवटी. आणि सालीवरचे खड्डे सगळीकडे सारखे नका काढू म्हणा त्याला. संत्रं दिव्याखाली धरायला सांगा, उजेड संपून सावली जिथे सुरू होते तिथेच ते नीट दिसतात.