धुरा मोजताना वर कोणाचे उपग्रह असतात?

मागच्या उन्हाळ्यात काटोलकडे एका संत्र्याच्या बागेची मोजणी करत होतो. दोन भावांची वाटणी. मधला धुरा, म्हणजे बांध, नेमका कुठून जातो यावरून तीन वर्षं बोलणं बंद. मी रोव्हरचा, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणाऱ्या यंत्राचा, दांडा खुंटीवर सरळ धरून स्क्रीनकडे पाहत होतो. थोरला भाऊ, सत्तरीचा माणूस, मागे येऊन उभा राहिला.

"एवढं काय पाहून राहिले साहेब त्यात?"

मी म्हटलं, काकाजी, वर उपग्रह आहेत, त्यांच्यावरून ही जागा ठरते. आत्ता एकतीस सापडलेत.

"आपले किती हायेत त्यातले?"

मी यादी उघडली. अमेरिकेचे नऊ, रशियाचे सहा, युरोपचे सात, चीनचे नऊ. आपला एकही नाही, कारण माझं यंत्र नाविकचा, म्हणजे भारताच्या स्वतःच्या दिशादर्शक उपग्रहांचा, सिग्नल घेतच नाही. खरं ते सांगून टाकलं. काकाजी थोडा वेळ आळ्यातल्या पाण्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "आन त्यायनं बंद केलं तं?"

त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो आहे.

माझे वडील भूकरमापक होते. त्यांच्याकडे शंकू साखळी असायची, तेहतीस फुटांची. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे बरोब्बर एक गुंठा. साखळी वापरून वापरून लांबते, म्हणून वडील ती अधूनमधून ताडून घेत. साखळीत फरक पडला तर तो मोजणाऱ्याला कळायचा आणि दुरुस्त करता यायचा. आज माझी साखळी जमिनीपासून वीस हजार किलोमीटर वर आहे आणि ती ताडून पाहणारे चारही मालक परदेशात आहेत.

ही साखळी खरं तर घड्याळाची आहे. उपग्रह सांगतो "माझ्याकडे आत्ता इतके वाजलेत", आणि तो निरोप पोचायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र अंतर काढतं. घड्याळात एका सेकंदाचा शंभर कोटीवा भाग चुकला की अंतर तीस सेंटिमीटरनं चुकतं. यंत्राचं स्वतःचं घड्याळ साधं असतं, म्हणून तीन दिशा आणि एक वेळ अशी चार उत्तरं काढावी लागतात. त्यासाठी किमान चार उपग्रह लागतात. हा चारचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

"चार-चार देशांचे सिग्नल फुकट मिळतात, मग आपला खर्च कशाला?" हे मला चांगले शिकलेले मित्रही विचारतात. फुकट मिळतं हे खरं आहे आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे, माझं पोट त्यावर चालतं. पण ते कसं मिळालं ते बघा. जीपीएस अमेरिकी लष्करानं बांधलं आणि आजही त्यांचं स्पेस फोर्सच चालवतं. १९८३ मध्ये वाट चुकलेलं कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत हद्दीत पाडलं गेलं, २६९ माणसं गेली, त्यानंतर ही यंत्रणा नागरी वापराला खुली करण्याची घोषणा झाली. तरीही मे २००० पर्यंत नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असायची. शंभर मीटरपर्यंतची चूक. वडिलांच्या दहा साखळ्या! ती ज्या निर्णयानं काढली गेली, तो निर्णय आपल्या हातात तेव्हाही नव्हता आणि आजही नाही.

कारगिलच्या वेळी अमेरिकेनं जीपीएसची माहिती दिली नाही ही गोष्ट सगळेच सांगतात, म्हणून मी ती सोडतो. स्वतंत्र दिशादर्शनाचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी थेट सीमेवर जाते. सैन्याला गरज आहेच, नाविकमध्ये त्यांच्यासाठी वेगळी मर्यादित सेवा आहे. माझं म्हणणं दुसऱ्या सेवेबद्दल आहे, सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या. रस्ता, वीज, नळाचं पाणी यांच्या रांगेत ती बसली पाहिजे, आणि आपण तिला अजून तिथे बसवलेलं नाही.

आपण काही केलंच नाही असं मी म्हणत नाही. २००६ मध्ये १,४२० कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी मिळाली. १ जुलै २०१३ ला पहिला उपग्रह गेला, एप्रिल २०१६ मध्ये सातवा, आणि त्याच दिवशी 'नाविक' हे नाव मिळालं. सात उपग्रहांत भारत आणि सीमेपलीकडे दीड हजार किलोमीटरचा पट्टा बसवायचा, ही आखणी आपल्या ऐपतीला शोभणारी होती. मग घड्याळांनी दगा दिला. पहिल्याच उपग्रहातली तिन्ही रुबिडियम घड्याळं, म्हणजे अतिअचूक अणुघड्याळं, बंद पडली. ती युरोपातून आणलेली होती. त्याच्या जागी ऑगस्ट २०१७ मध्ये पाठवलेला उपग्रह उष्णतारोधक कवच न उघडल्यानं आतच अडकला. एप्रिल २०१८ मध्ये पुढचा नीट गेला. त्यानंतरचा उपग्रह आला थेट मे २०२३ मध्ये. मधली पाच वर्षं मला सगळ्यात जास्त सलतात. रॉकेट फसतं, झडप अडकते, ते समजू शकतो. पण घड्याळं जुनी होत चालली आहेत हे माहीत असताना राखीव उपग्रह तयार नसावा, हे मनाला पटत नाही.

२०२३ चा एनव्हीएस-०१ मात्र माझ्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट आहे. त्यात अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रानं बनवलेलं आपलं रुबिडियम घड्याळ आहे. शिवाय आधीचे उपग्रह फक्त एल-५ आणि एस या रेडिओ पट्ट्यांत बोलायचे. स्वस्त मोबाइलमधल्या चिपा ऐकतात एल-१, आणि तो सिग्नल या उपग्रहानं पहिल्यांदा दिला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा पुढचा भाऊ श्रीहरिकोट्याच्या शंभराव्या उड्डाणातून गेला, पण इंजिनाला ऑक्सिडायझर, म्हणजे इंधन जाळायला लागणारा पदार्थ, देणारी झडप उघडली नाही आणि तो हव्या त्या कक्षेत पोचला नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे कुणाला विचित्र वाटलं तरी खरं आहे.

जुलै २०२५ मध्ये सरकारनं संसदेत हिशेब दिला. अकरा उपग्रह सोडले, त्यातले चार तेव्हा स्थान आणि वेळ सांगण्याचं काम करत होते, चार फक्त एकतर्फी संदेश पाठवायला वापरत होते, एक निवृत्त, दोन कक्षेतच पोचले नाहीत. चार! वर सांगितलेला किमान आकडा. त्यातला एक थकला की नाविकच्या एकट्याच्या बळावर काटोलचा धुरा मोजता येणार नाही.

आणि हे मला कळलं कुठून, तर संसदेतल्या उत्तरातून. अमेरिकेला एखादा उपग्रह देखभालीसाठी बाजूला ठेवायचा असला की सूचना आधी जाहीर होते, आणि ती मी नागपुरात घरी बसून वाचतो, मोजणीची वेळ त्याप्रमाणे लावतो. नाविकसाठी मला नेमकं हेच हवं आहे. आज कोणता उपग्रह चालू, कोणता आजारी, अचूकता किती, आणि किती खालावली तर जबाबदार कोण. लेखी, रोजचं, मराठी-हिंदीतही. युरोपचं उपग्रह जाळं गॅलिलिओ पहिल्यापासून नागरी ताब्यात आहे. जुलै २०१९ मध्ये ते जवळपास आठवडाभर बंद पडलं होतं, पण त्यांनी स्वतंत्र चौकशी मंडळ नेमलं. २०२५ पासून ते सिग्नल खरा की बनावट हे ओळखायची सोय सगळ्यांना फुकट देतात. दिल्ली विमानतळाजवळ खोट्या जीपीएस सिग्नलचे प्रकार झाल्याचं सरकारनंच मान्य केलं आहे. अशा वेळी आपला सिग्नल नुसता असून भागणार नाही, त्यावर आपली सहीही असावी लागेल.

नागपूरकरांना वाटेल, आपला काय संबंध? विमानांना अचूक उतरायला मदत करणाऱ्या 'गगन' प्रणालीचं एक संदर्भ केंद्र आपल्या नागपुरात आहे. गगन आपलंच, पण ते दुरुस्ती करतं जीपीएसच्या सिग्नलची, म्हणजे मुळातला आधार पुन्हा तोच. विजेचं जाळं घ्या. उच्चदाब वाहिन्यांवर काय चाललंय ते क्षणाक्षणाला टिपणाऱ्या यंत्रांना वेळ उपग्रहांकडून मिळते. कोराडीची वीज ज्या जाळ्यात जाते त्याच्यासाठी वेळेचा दुसरा, स्वतःचा स्रोत असणं ही चैन आहे का?

गेल्या वर्षी एका कामासाठी हिंगणघाटला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम विल्यम लॅम्बटनची कबर शोधून पाहिली. या माणसानं १८०२ मध्ये मद्रासपासून जमीन मोजायला सुरुवात केली. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, माणसांच्या खांद्यावरून नेत तो उत्तरेकडे सरकत राहिला, आणि नागपूरकडे येताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. आपल्या नागपुरातल्या झिरो माइलचा दगड त्याच मोजणीच्या परंपरेतला. लॅम्बटनच्या कष्टापुढे मान झुकतेच. पण तो कंपनी सरकारसाठी मोजत होता. आपल्या शेतांचे नकाशे कुणी वापरायचे हे आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. कबरीजवळ उभा असताना काकाजींचाच प्रश्न आठवत होता.

ज्यांच्या मोबाइलमध्ये नाविकची सोय आहे त्यांना एक विनंती. एखाद्या सकाळी कस्तुरचंद पार्कच्या मोकळ्या मैदानात उभे राहा, उपग्रह दाखवणारं कुठलंही ॲप उघडा आणि आपले किती दिसतात ते मोजून खाली लिहा. तारीख आणि वेळही लिहा. मी सगळे आकडे एका वहीत उतरवणार आहे आणि आपल्या खासदारांना पत्रासोबत पाठवणार आहे. काटोलला धाकट्या भावाच्या हिश्श्याची मोजणी अजून बाकी आहे. पुढच्या महिन्यात जाईन तेव्हा ती वही काकाजींनाही दाखवायची आहे.