भैरवी शेवटीच आली

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या खडाजंगी चालू आहे. मावसबहिणीचा मुलगा पुण्यात बारा वर्षं ख्याल शिकला आणि आता एका समकालीन नृत्याच्या प्रयोगाला संगीत देतोय. 'एवढी तालीम आणि शेवटी पार्श्वसंगीत?' हा नानामामांचा सवाल. तरुण मंडळींचं उत्तर ठरलेलं: जग कुठे गेलं बघा. मी लंडनहून दोन ओळी टाकल्या, तर 'तुला तिथं बसून काय कळणार' म्हणून गप्प केलं. म्हणून हे जरा सविस्तर.

काही वर्षांपूर्वी इथल्या कोलिसियम थिएटरात अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासचा 'सत्याग्रह' हा ऑपेरा पाहिला. गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षं, आणि गायचे शब्द सगळे गीतेतले, संस्कृतात. शाळेत गीतापठणाच्या स्पर्धेला उभा राहिलेला मी, तरी पहिली दहा मिनिटं एक अक्षर कळेना. एकेक स्वर इतका ताणलेला, की 'योत्स्यमानान्' संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायला होते. शेजारच्या आजीबाईंनी मध्यंतरात मोठ्या आशेनं अर्थ विचारला. मी थापच मारली.

शेवटी मात्र गांधी एकटे उभे राहतात आणि एकच सप्तक खालून वर चढत जातात, पुन्हा पुन्हा. मी मोजायला लागलो आणि चुकलो. नंतर वाचलं, तीस वेळा. रे, ग, ध, नि कोमल, म्हणजे आपल्या भैरवीचे स्वर. शब्द 'यदा यदा हि धर्मस्य'च्या आसपासचे. कार्यक्रमाच्या शेवटी हे स्वर ऐकले की आपल्याकडचा माणूस चपला शोधायला लागतो. माझाही हात कोटाकडे गेला.

नानामामा ऐकतील तर म्हणतील, ही कुठली भैरवी, ही नुसती सरगम. त्यांचं बरोबरच आहे. पण ग्लासनं तरी तिला भैरवी कुठे म्हटलंय? तो न्यूयॉर्कच्या जूलियार्ड संगीतविद्यालयात शिकलेला, पुढे पॅरिसला संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांच्याकडे गेलेला. तिथंच 1960च्या दशकाच्या मध्यात एका चित्रपटासाठी रविशंकरांचं संगीत पाश्चात्त्य वादकांना लिहून देण्याचं काम त्याला मिळालं. लिहिलेलं वाजवलं की आघात चुकीच्या जागी पडायचे आणि तबलावादक अल्लारखाँ दुरुस्त करायचे. अखेर त्यानं मात्रांचे गट पाडणाऱ्या उभ्या रेघाच खोडल्या, तेव्हा कुठे त्याला लय दिसली. छोटे तुकडे जोडत जोडत लांब आवर्तन उभं करायचं, एवढी एकच गोष्ट त्यानं तिथून उचलली आणि आयुष्यभर वापरली. सतार, तानपुरा, धूप-दीप काही नाही. आपल्या फ्युजनवाल्यांचं नेमकं उलट असतं: बंदिश आहे तशीच, खाली गिटार खाजवायची.

आता 'तिकडे कलाकाराला केवढा मान' हे पालुपद. 1976 साली रॉबर्ट विल्सनबरोबर केलेला त्याचा पहिला ऑपेरा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये झाला, आणि त्यानंतर हा गृहस्थ पुन्हा टॅक्सी चालवायला लागला. पुढे रॉटरडॅम शहरानं 'सत्याग्रह' लिहायला सांगितला आणि 1980 साली तो तिथंच रंगमंचावर आला. आजही फार वेगळं नाही. मी हौशी तबलजी. एका नाटकमंडळींनी बोलावलं, दिग्दर्शिका म्हणाली, थोडं 'गूढ' वाजव. त्रितालाचा साधा ठेका धरला. ती डोळे मिटून हरखून गेली.

आणि घरी शुद्धतेचा एवढा कळवळा कशासाठी? ज्यांच्या नावाच्या महोत्सवाला नानामामा दर डिसेंबरात शाल पांघरून बसतात, ते सवाई गंधर्व संगीत नाटकात स्त्रीभूमिका करत. 1916च्या 'स्वयंवर'च्या चाली देणारे भास्करबुवा बखले तीन घराण्यांची गायकी पचवलेले. त्यांना कुणी पातळ म्हणत नाही. रविशंकरांचेच शिष्य भास्कर चंदावरकर 1972 साली 'घाशीराम कोतवाल'ला संगीत देत होते. हातात सतारीची तालीम, आणि समोर माणसांची रांग, जी गाता गाता भिंत होते आणि बघता बघता फुटते. कीर्तन, अभंग, लावणी सगळं त्यात आहे, पण त्या भिंतीपासून सोडवून वेगळं काढायला जा, हाती येत नाही. असलं संगीत घरी बसून रचता येत नाही. विजय तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, कृष्णदेव मुळगुंदांचं नृत्य, सगळं एकाच तालमीत शिजलं. नाटकावर वाद झाला तो नाना फडणविसांवरून. ही शिजवण कशी झाली, यावर भांडायला कोण बसतो!

हे सगळं ग्रुपवर न टाकता मी भाच्याला फोन केला. विचारलं, नर्तकांच्या तालमीला किती दिवस बसलास?

"बसलो नाही, मामा. नाच आधीच बसवून झालाय. त्यांनी व्हिडिओ पाठवला आणि सांगितलं, चार मिनिटं तेरा सेकंद भरून दे."

"आणि पैसे?"

"प्रयोगानंतर बघू म्हणालेत."

हे तेवढं मी ग्रुपवर टाकलं. नानामामांची निळी टिक दिसते आहे. उत्तर अजून आलेलं नाही. तरुण मंडळींचंही नाही.