तास्मानिया बर्लिनवर हसण्याआधी जरा थांबा

बुंडेसलीगातला, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च फुटबॉल लीगमधला, एखादा संघ ओळीने पाच-सहा सामने हरला की आमच्या फुटबॉलवाल्या ग्रुपवर कोणीतरी तास्मानिया बर्लिन या जुन्या क्लबचा गुणतक्ता टाकतंच. खाली हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग. अलीकडे मला त्याचा वैताग यायला लागलाय, म्हणून हे लांबण लावतोय.

आकडे खरंच भयानक आहेत. १९६५-६६ चा हंगाम. ३४ सामने, २ विजय, ४ बरोबरी, २८ पराभव. केलेले गोल १५, खाल्लेले १०८. तेव्हा विजयाला दोनच गुण मिळायचे, त्यामुळे अख्ख्या हंगामाची कमाई ८ गुण. बाहेरच्या मैदानावर एकही विजय नाही. सलग ३१ सामने विजयाविना. माइडेरिश या संघाने तर बर्लिनमध्ये येऊन ९-० ने धुतलं. बुंडेसलीगाच्या इतिहासातला सगळ्यात वाईट हंगाम, यात वादच नाही.

पण हा संघ तिथे पोचला कसा, हे त्या पोस्टवर कधीच नसतं.

बुंडेसलीगा १९६३ मध्ये सुरू झाली. तेव्हा जर्मन फुटबॉल महासंघाने खेळाडूंच्या पगारावर आणि करार करताना द्यायच्या रकमेवर मर्यादा घातली होती. कागदावर छान. पण १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिल्यापासून पश्चिम बर्लिन म्हणजे चारी बाजूंनी पूर्व जर्मनीने वेढलेलं बेट. म्युनिक किंवा कोलोनमध्ये तेवढेच पैसे मिळत असतील तर चांगला खेळाडू बर्लिनला कशाला मरायला जाईल? मग लीगमधल्या हेर्था बर्लिन या क्लबने टेबलाखालून जास्त पैसे द्यायला सुरुवात केली. १९६५ मध्ये हिशेब तपासले गेले, भानगड बाहेर आली आणि हेर्थाचा परवाना गेला. ‘सगळेच देतात, सापडलो फक्त आम्ही’ असा हेर्थाचा सूर होता आणि मला तो अगदीच खोटा वाटत नाही. ती मर्यादा पुढे महासंघाला उठवावीच लागली.

हेर्था गेल्यावर लीगमध्ये बर्लिनचा एकही संघ उरला नाही. राजकीयदृष्ट्या हे परवडण्यासारखं नव्हतं. पश्चिम बर्लिन आमचंच आहे, हे पश्चिम जर्मनीला जगाला दाखवत राहायचं तर राष्ट्रीय लीगमध्ये बर्लिन दिसायला हवं. मग शोधाशोध. बर्लिनच्या प्रादेशिक लीगचा विजेता टेनिस बोरुसिया बढतीच्या फेरीत आधीच हरलेला. दुसऱ्या क्रमांकाच्या श्पांडाऊने ‘आम्हाला नको’ म्हणून हात जोडले. तिसरा नंबर तास्मानियाचा. हंगाम सुरू व्हायला उरले होते जेमतेम दोन आठवडे आणि खेळाडू सुट्टीवर.

दहावीच्या पोराला पंधरा दिवसांच्या नोटिशीवर यूपीएससीला बसवायचं आणि मग त्याचा निकाल साठ वर्षं चावडीवर वाचून दाखवायचा, यातली गत.

बरं, तास्मानिया म्हणजे गल्लीतला संघही नव्हता. नॉयकोल्न या कामगार वस्तीतला हा जुना क्लब १९५९, १९६० आणि १९६२ मध्ये बर्लिनचा विजेता होता. पण ते शहरापुरतं. तिथले बरेचसे खेळाडू नोकरी सांभाळून खेळणारे. घाईघाईत एक मोठं नाव आणलं, होर्स्ट शिमानियाक. पश्चिम जर्मनीकडून ४३ सामने आणि दोन विश्वचषक खेळलेला, इटलीतून परतलेला. एकटा तो काय करणार? आणि त्या घटकेला बाकीचे चांगले खेळाडू बाजारात होतेच कुठे?

पहिला सामना मात्र वाचण्यासारखा आहे. १४ ऑगस्ट १९६५, ऑलिंपिक स्टेडियम, समोर कार्ल्सरूहे. प्रेक्षक ८१,५००! आणि तास्मानिया २-० ने जिंकला. त्या संध्याकाळी नॉयकोल्नमध्ये कोणी ‘आपण टिकू’ म्हटलं असेल तर त्याला वेड्यात काढायची माझी तरी तयारी नाही.

त्यानंतरचा विजय थेट २१ मे १९६६ ला, नॉयनकिर्शेनविरुद्ध २-१. मधल्या काळात जानेवारीत, त्याच अवाढव्य स्टेडियममध्ये म्योन्शनग्लाडबाखविरुद्धच्या सामन्याला ८२७ माणसं होती. शून्य चुकून राहिलेलं नाही, आठशे सत्तावीस. एखाद्या बऱ्या लग्नालाही याहून जास्त जमतात. सामना ०-० सुटला, म्हणजे त्या दिवशी पोरं हरली नाहीत. हे कोणी पोस्टमध्ये टाकत नाही.

याच निर्णयातून आणखी एक गंमत झाली, ती मला सगळ्यात जास्त आवडते. आदल्या हंगामात शाल्क हा क्लब शेवटच्या क्रमांकावर होता आणि कार्ल्सरूहे त्याच्या वर. नियमाने दोघांनीही खाली जायचं. पण हेर्थाची जागा रिकामी झाल्यावर दोघांनीही ती मागितली. महासंघाला तर बर्लिन हवंच होतं. मग सगळ्यांचंच समाधान म्हणून लीग १६ वरून १८ संघांची केली. शाल्क वाचला, कार्ल्सरूहे वाचला, तास्मानिया अडकला.

आता २०२०-२१ कडे या. हाच शाल्क, हजारो चाहते, प्रचंड स्टेडियम, तास्मानियाने स्वप्नातही न पाहिलेला पैसा, आणि सलग ३० सामने विजय नाही. आणखी एक हुकला असता तर तास्मानियाची बरोबरी झाली असती. ९ जानेवारी २०२१ ला हॉफेनहाइमला ४-० ने हरवून सुटले. मॅथ्यू हॉप या कोवळ्या अमेरिकन पोराने तीन गोल ठोकले. हंगामाअखेर १६ गुण, ८६ गोल खाऊन शेवटचा क्रमांक. शाल्कला कोणी दोन आठवड्यांची नोटीस दिली नव्हती. तो सगळा त्यांचा स्वतःचा, वर्षानुवर्षांचा कारभार. हसायचंच तर तिथे हसा ना.

‘मग श्पांडाऊसारखं नाही म्हणायचं होतं’ असं कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो. बायर्न म्युनिकशी खेळायची संधी दारात चालून आल्यावर नाही म्हणणारा क्लब मला शहाणा वाटतो, पण आवडत नाही. (बायर्न त्याच हंगामात बढती मिळवून वर आला आणि तिसरा आला. मैदान मारून आलेला आणि खुर्ची भरायला बसवलेला यांत एवढा फरक पडतो.)

हेर्था १९६८ मध्ये परत वर आला. महासंघाचं काही बिघडलं नाही. तास्मानिया १९७३ मध्ये दिवाळखोरीत बुडाला. त्याच वर्षी तिथल्या लोकांनी वारसा सांगणारा नवा क्लब काढला, तो अजूनही नॉयकोल्नमध्येच, खालच्या लीगमध्ये खेळतो. मैदानाला वेर्नर झेलेनबिंडरचं नाव आहे, नाझींनी १९४४ मध्ये मारलेला पैलवान. त्याच्या अस्थी त्याच आवारात पुरल्या आहेत. शाल्कची ती मालिका चालू होती तेव्हा या क्लबच्या लोकांना आपला विक्रम जाईल याची धास्ती वाटत होती. शाल्क जिंकावा म्हणून त्यांनी देव पाण्यात घातले होते म्हणा ना!

तर पुढच्या वेळी तो तक्ता टाकाल तेव्हा सोबत महासंघाचं बोधचिन्हही चिकटवा. १०८ पैकी निदान अर्धे गोल त्यांच्या नावावर लिहायला माझी हरकत नाही.