काकूचा फोन तांदळाच्या डब्यात

परवा सकाळी सहाला पुण्याहून चुलतबहिणीचा फोन. "आईचा फोन रात्रीपासून बंद येतोय, जरा जाऊन बघतोस का?" काकू ठाण्याला नौपाड्यात एकटी राहते, वय ७४, बीपीची गोळी चालू. ऐरोलीहून मिळेल ती लोकल धरली. काकूने हातात चहाचं गाळणं घेऊनच दार उघडलं. "अरे, इतक्या सकाळी?" फोन बंद करून तांदळाच्या डब्यात खुपसलेला.

कारण हा मेसेज: 'आज रात्री १२:३० ते ३:३० पृथ्वीजवळून घातक गॅमा किरणे जाणार. मोबाईल बंद करून अंगापासून लांब ठेवा. नासा व बीबीसीने जाहीर केले आहे. सर्वांना पाठवा.' पूर्वी यात 'कॉस्मिक किरणे' असायची. शब्द बदलला, वेळ तीच राहिली.

आधी ते 'जाणार'. ठाण्याला फास्ट गाडीची घोषणा आधी होते, कारण गाडीपेक्षा निरोप वेगाने पोचतो. गॅमा किरणं म्हणजे प्रकाशच, आणि प्रकाशाच्या पुढे धावेल असा निरोप जगात नाही. दूर अवकाशात गॅमा किरणांचा स्फोट, म्हणजे त्यांचा अचानक सुटलेला झोत, झाल्याचं कळतं तेच मुळी ती किरणं दुर्बिणीवर येऊन आदळल्यावर. मग साडेबाराची वेळ ठरवली कोणी? आणि तीन तास कसले? बहुतेक स्फोट काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत ओसरतात.

नासा जाहीर करते हे अर्धं खरं, पण झाल्यावर. २००८ साली अवकाशात सोडलेल्या तिच्या फर्मी दुर्बिणीवरच्या एका उपकरणात वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेले १४ स्फटिक आहेत. गॅमा किरण आदळला की स्फटिकात प्रकाश चमकतो. चमक किती तेजस्वी त्यावरून ऊर्जा कळते, आणि कोणत्या स्फटिकाला जास्त मार बसला त्यावरून साधारण दिशा. एकाहून जास्त स्फटिकांत मोजणी एकदम उसळली की सूचना सुटते. ती इतर दुर्बिणींना जाते, काकूच्या भिशीच्या ग्रुपला नाही. असे स्फोट हे एकटं उपकरण वर्षाला दोनशेच्या वर टिपतं. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहानेही ५०० हून अधिक टिपलेत. म्हणजे दर एक-दोन दिवसांनी 'घातक किरणं' येतच असतात.

आणि आजवरचा सर्वांत तेजस्वी नोंदलेला स्फोट कधी आला? ९ ऑक्टोबर २०२२, आपल्याकडे संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास. त्या दिवशी कोजागिरी होती! आकाशातली त्याची जागा त्या वेळी ठाण्याच्या जवळजवळ डोक्यावर होती. हा प्रकाश सुमारे १९० कोटी वर्षं प्रवास करून आला, तरी एवढा प्रखर की फर्मीच्या स्फटिकांना मोजणी झेपेना. आणि खाली आपण दूध आटवत होतो. फोन सगळ्यांचे चालू, चंद्राचे फोटो काढायला.

काही झालं नाही, कारण डोक्यावरची हवा. तिचं वजन सुमारे १० मीटर खोल पाण्याइतकं, आणि ही किरणं त्यात वरच्यावर अडतात. म्हणून तर उपकरणं अवकाशात पाठवावी लागतात. किरणं नौपाड्यापर्यंत पोचत असती तर टीआयएफआर या संशोधन संस्थेने कुलाब्यातल्या गच्चीवर यंत्र मांडून काम भागवलं असतं.

एक कबूल करतो, नाइलाजाने. त्या स्फोटाने वातावरणाच्या अगदी वरच्या, विद्युतभारित थरात खळबळ झाली आणि रेडिओ लहरींच्या नोंदींत ती दिसली. पण मोबाईलचं बोलणं पलीकडच्या गल्लीतल्या टॉवरशी चालतं, त्या थराशी नाही.

राहिला फोन बंद करण्याचा उपाय. फोन चालू असला काय नि बंद असला काय, तो गॅमा किरणांना बोलावत नाही की अडवत नाही. तांदूळही अडवत नाहीत. रात्री एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला फोन बंद ठेवायला सांगणारा हा निरोप मात्र किरणांपेक्षा घातक. रात्री काकूला चक्कर आली असती तर तिने डबा उपसून, फोन चालू करून, मग कोणाला हाक मारायची होती?

'सर्वांना पाठवा' हे तिने इमानेइतबारे पाळलं होतं. भिशीतल्या दोघींचे फोन सकाळी नऊपर्यंत बंद होते.