वरातीमागून घोडा

या आठवड्यात पुन्हा तेच. रायफल घेऊन झाली, पैसे मोजून झाले, कागद नावावर झाले, आणि मग विचारणा: "जरा बघून सांगता का, कशी आहे?" नळीत बॅटरी मारली तर आत देवीच्या व्रणांसारखे खड्डे. घेण्याआधी बघा हे सांगून सांगून घसा बसला. तेव्हा आता उलटं करू. लोक जशी जुनी शिकारी रायफल घेतात, तशीच कशी घ्यावी ते नीट लिहून ठेवतो. बजेट बेताचं असेल तर फारच छान. थोड्या पैशांची माती लवकर होते. परवाना आणि नोंदणीचे नियम मात्र जिथले तिथे पाळा, त्यात विनोद नाही.

सुरुवात फोटोवरून करा. दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड चमकतंय ना? मग झालं तर. नेम लाकडानेच लागतो. फोटो एकाच बाजूचा असेल तर दुसऱ्या बाजूचा मागू नका, विकणाऱ्याचं मन दुखावेल. बोल्टचं (नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याचं) तोंड, नळीचं टोक आणि नंबर यांचे जवळून काढलेले फोटो मागणं हा तर निव्वळ उद्धटपणा.

सगळे पैसे रायफलीवरच घाला. दुर्बीण, तिचे माउंट आणि रिंगा, दोन-तीन पेट्या काडतुसं, नळी साफ करायचा गज, ब्रश, कारागिराची तपासणी हे सगळं आकाशातून पडतं. हिशेबी माणसं रायफलीसाठी एकूण रकमेचा अर्धा, फार तर दोन तृतीयांश वाटा ठेवतात. तुम्ही हिशेबी नाही, तुम्ही रसिक आहात.

विकणारा म्हणेल, "नळी एकदम आरशासारखी आहे." हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणून तुम्ही मान डोलवा आणि आत डोकावू नका. डोकावायचंच असेल तर त्याने आदल्या रात्री तेल पाजलेल्या नळीतच डोकावा, कारण तेल लावल्यावर गंजलेला नळसुद्धा चमकतो. खड्ड्यांत तेल भरतं आणि सगळं गुळगुळीत दिसतं. कोरडी चिंधी गजाला लावून दोनदा आरपार काढली की ही चमक उतरते, म्हणून ती तर मुळीच काढू नका. बोल्ट बाहेर काढून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या खोबणीच्या, बाजूने बघणं, मग नळीच्या टोकाकडून बघणं, पलीकडे पांढरा कागद धरून उजेड तिरपा पाडणं, हे रिकामटेकड्यांचे उद्योग. आट्यांच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या पिळदार रेषांच्या) कडा टोकदार आहेत की झिजून गोल झाल्यात, चेंबरपुढचे पहिले काही सेंटीमीटर करडे पडून सुकलेल्या तळ्यासारखे भेगाळलेत का, हे कळून करायचं काय? नळीत एखादी गडद गोल सावली दिसली तर तिच्याकडे डोळेझाक करा. काहीतरी अडकलेलं असताना कुणीतरी गोळी झाडली आणि नळी तिथे फुगली, एवढंच त्या सावलीचं म्हणणं असतं. बाहेरून अंगठा फिरवला तर कधी कधी तो फुगवटा हाताला लागतो. असली रायफल तिथल्या तिथे परत करायची असते. तुम्ही फोटो काढा, छान येतो.

तांब्याचंही तसंच. गोळीवरचं तांबं आट्यांना चिकटत जातं आणि खालचे खड्डे झाकून टाकतं. अमोनिया असलेलं सॉल्व्हंट लावलेली चिंधी फिरवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, दुसरी चिंधी काढा. ती निळी-हिरवी निघाली तर आत तांबं आहे. चिंधी पांढरी येईपर्यंत हेच करत राहायचं आणि मग बघायचं. (पितळी ब्रश वापरला तर तोच चिंधी निळी करतो, हेही लक्षात ठेवायचं.) विकणारा यासाठी अर्धा तास देत नसेल तर तो का देत नाही, हा प्रश्न स्वतःला विचारायला काय लागतं? पण नाही. "माणूस चांगला वाटला." अहो, माणूस चांगला असेलही. गोळी त्याच्यातून जाणार आहे का? ती नळीतून जाणार आहे!

"फारशी वापरलेलीच नाही" हे तर सगळ्यात गोड वाक्य, आणि गंमत म्हणजे बहुधा खरंही असतं. शिकारी रायफल खांद्यावर जास्त आणि डोळ्यासमोर कमी. वर्षाला वीसची एक पेटी उडाली तर खूप झालं. मोठ्या मॅग्नम काडतुसाची नळीसुद्धा हजारभर गोळ्या सहज खाते, ३०८ विंचेस्टर या साध्या काडतुसाची तर कित्येक हजार. म्हणजे शिकारी रायफल गोळ्या झाडून क्वचितच मरते. ती मरते ओलाव्याने आणि गजाने. पावसातून आणून चामड्याच्या म्यानात ठेवली की चामडं पाणी धरून बसतं आणि लोखंड खात राहतं. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की मागे क्षार राहतो, हवेतलं पाणी ओढतो आणि नळी आतून कुरतडतो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. हे न कळणाऱ्या मालकाने तीस वर्षं प्रेमाने तेल लावलेलं असतं. आणि गज? सांध्यासांध्यांचा ॲल्युमिनियमचा गज, वर धूळ, आणि तो टोकाकडून खुपसायचा. प्रत्येक फेरीला नळीच्या टोकाची कडा घासली जाते. गोळी बाहेर पडताना मागचा वायू चारी बाजूंनी एकाच क्षणी सुटायला हवा. कडा एका बाजूने झिजली की तो तिथून आधी सुटतो आणि गोळीला तिरपं ढकलतो. मग मालक दुर्बिणीला शिव्या देत विकायला काढतो, आणि तुम्ही घेता. "वापरलेलीच नाही" म्हणून.

कानात घालायची कापसाची काडी नळीच्या टोकातून आतून बाहेर फिरवली तर कडेवर जिथे दात असेल तिथे कापूस अडकतो. एवढी सोपी तपासणी आहे, म्हणूनच ती कुणी करत नाही. क्राउन, म्हणजे ही टोकाची कडा, नव्याने कापून घेणं हे कारागिराचं छोटं काम आहे. फक्त हे दोष सांगून किंमत पाडता येते, हे मात्र लक्षात येऊ देऊ नका.

सोबत मिळालेली घरी भरलेली काडतुसं जरूर झाडा. आत कुठली दारू आणि किती, हे डोळे मिटण्याआधी कळेलच.

स्क्रूंची डोकी कुरतडलेली असतील तर ती अनुभवाची खूण समजा. खाचेच्या मापाचं सपाट, समांतर पात्याचं स्क्रूड्रायव्हर मिळत असताना ज्याने स्वयंपाकघरातली सुरी वापरली, त्याने आत काय काय उघडलं असेल याची कल्पना करणं बरं नव्हे. दस्ता उतरवून बघायला सांगू नका. खरा गंज लाकडाच्या रेषेखाली आणि दुर्बिणीच्या पट्टीखाली असतो, तो झाकलेलाच बरा. दस्त्याची तड बहुधा मुठीच्या मनगटात किंवा मागच्या स्क्रूच्या पाठीशी जाते, तिथे वार्निश जाड असेल तर कौतुक करा. नळी लाकडाला कुठे टेकते का, हे दोघांमध्ये कागद सरकवून बघण्याची फॅशन आहे. मात्र काही रायफलींना दस्त्याच्या पुढच्या टोकाशी मुद्दाम दाब ठेवलेला असतो, म्हणून कागद अडला की लगेच दोष धरू नये. हे एक वाक्य मी चुकून खरं लिहिलं.

आणि "नेम बसत नाही" म्हणून स्वस्तात जाणारी रायफल दिसली तर पळून जा. दस्त्याचे स्क्रू आणि दुर्बिणीचं माउंट ढिलं असणं हे त्यामागचं नेहमीचं कारण. चार स्क्रू आवळून चांगली रायफल पदरात पडली तर काय घ्या!

निशाणाचा एक कागद दाखवतील, तीन भोकं एकमेकांना चिकटलेली. बाकीचे वीस कागद कुठे, असं विचारू नका. १०० मीटरवर एक मिनिट कोन (अंशाचा साठावा भाग, नेमकेपणाचं नेहमीचं माप) म्हणजे साधारण २.९ सेंटीमीटर. शिकारीला सगळी भोकं पाच सेंटीमीटरच्या घेरात रोज जमली तरी पुरे, पण बढाईला ते पुरत नाही.

आता काडतुसाचा मुद्दा. नळीवर छापलंय तेच आत आहे असं धरून चला. जुन्या रायफलींची चेंबर नंतर कुणी कापलेली असते, नळी बदललेली असते, छाप मात्र तोच राहतो. जर्मन ७.९२ मिलिमीटरच्या जुन्या नळ्यांना ८.०८ मिलिमीटरची गोळी लागायची, नंतरच्यांना ८.२०. "आठ एमएमची आहे" एवढ्यावर व्यवहार होतात. ३०८ काडतुसाचं पितळी कवच ५१ मिलिमीटर लांब, ३०-०६ काडतुसाचं ६३. आखूड काडतूस लांब चेंबरमध्ये खांदा (कवच निमुळतं होतं तो भाग) न टेकता बसतं आणि उडालं तर पितळ फाटून वायू मागे, म्हणजे तुमच्या तोंडाकडे, येतो. शंका असेल तर कारागीर सेरोसेफ नावाचा कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू ओतून चेंबरचा ठसा काढतो आणि तासाभराने मोजतो. एक तास! तुम्हाला घाई होती ना?

बोल्टवरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर जुळत नसेल तर... नाही, हे मी थट्टेत लिहू शकत नाही. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असेल तर हेडस्पेसची, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यात काडतुसाला मिळणाऱ्या जागेची, खात्री नाही. ती तपासायची असते. बोल्टमधून फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) आणि इजेक्टर (रिकामं कवच बाहेर फेकणारा भाग) काढायचे, बोटाच्या हलक्या दाबाने 'गो' गेजवर (काडतुसाच्या आकाराच्या मापाच्या ठोकळ्यावर) बोल्ट बंद झाला पाहिजे, 'नो-गो' गेजवर होता कामा नये. ३०८ मध्ये या दोन गेजांतला फरक जेमतेम एक दशांश मिलिमीटर आहे. डोळ्याने दिसत नाही, अंदाजाने कळत नाही. गेज लागतं आणि ते लावणारा माणूस लागतो. त्याची फी तुम्ही त्या दुर्बिणीवरच्या झाकणावर घालवलीत.

आणि सेफ्टी, म्हणजे गोळी सुटू न देणारी कळ! रिकामी रायफल, बोल्ट बंद, सेफ्टी लावलेली. चाप जोरात ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा. टक् आवाज आला तर ती रायफल भरलेली असती तर आत्ता उडाली असती. बोल्ट जोरात आपटून पाच-सहा वेळा बंद करा, दस्त्याला रबरावर हलका ठोका द्या. एकदाही पिन सुटता कामा नये. "चाप किती हलका लागतो बघा" हे कौतुक नाही. बरेचदा कुणीतरी घरी कानस चालवलेली असते. शिकारी रायफलीला दीड-दोन किलोचा चाप भरपूर हलका आहे. तांब्याची सफाई आणि कारागिराचं काम सोडलं तर हे सगळं करायला वीस मिनिटं लागतात, बॅटरी, गज, चिंध्या आणि एक बरा स्क्रूड्रायव्हर लागतो. तुम्ही फोन घेताना कोपऱ्यावरचा ओरखडा दहा वेळा बघता. इथे स्फोट गालापासून चार बोटांवर होतो, आणि तुम्ही बघत नाही. वर माझ्याकडे घेऊन येता, आणि आणताना बोल्ट बंद असतो, नळी कुणाच्या तरी पायाकडे, आणि चेंबर रिकामी आहे का विचारलं की "असेल" म्हणता.

असेल नाही. बघा. मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये बोट घालून बघा, आणि उघडाच ठेवून आणा. नाहीतर आणू नका.